अक्कलदाढ काढल्यानंतरचा तिसरा दिवस

अक्कलदाढ हे नाव मोठे अर्थपूर्ण आहे. पक्के दात येण्याचा क्रम बाराव्या-तेराव्या वर्षी बहुतेक संपतो. मग काही वर्षे जबड्यात शांतता असते आणि सतराव्या ते पंचविसाव्या वर्षांच्या दरम्यान, म्हणजे माणसास अक्कल येते असे मानण्याचा प्रघात आहे त्याच वयात, या शेवटच्या दाढा हिरडीतून डोके वर काढू लागतात. लॅटिन व अरबी भाषांतही या दाढेचे नाव अकलेशीच जोडलेले आहे. परंतु पुष्कळांच्या जबड्यात तिला पुरेशी जागाच उरलेली नसते. ती आडवी पडते, अर्धीमुर्धी हिरडीखाली राहते, तिच्याभोवती अन्न अडकून वारंवार सूज येते, आणि अखेरीस ती काढून टाकण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

दाढ काढण्याचेच भय सर्वांस असते. वस्तुतः बधिरतेचे इंजेक्शन दिल्यावर त्या वेळी दाब जाणवतो, वेदना फारशी होत नाही. घरी आल्यावर ठणका लागतो, गाल सुजतो, तोंड पुरते उघडत नाही. हे सारे अपेक्षितच असते व दिवसागणिक ओसरत जाते. खरी कसोटी लागते ती पुढे. काही जणांस बरे वाटू लागले असतानाच दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास ठणका एकाएकी बळावतो, कानापर्यंत व कानशिलापर्यंत चढतो, झोप लागू देत नाही. तोंडास दुर्गंधी येते आणि चव बिघडते. अशा वेळी मेहरूणच्या तलावाकाठचे घर असो की मुंबईची चाळ असो, घरची मंडळी एकच तर्क करतात : दाढेचा तुकडा आत राहिला असेल, नाहीतर पू झाला असेल. बहुतेक वेळा हे दोन्ही तर्क खरे नसतात.

दाढ निघाल्यावर हाडात जी खाच उरते ती रक्ताने भरते व ते रक्त तेथेच गोठते. ही गुठळी म्हणजे उघड्या हाडावरचे व मज्जातंतूंवरचे निसर्गाने घातलेले पांघरूण होय. हिच्यातूनच पुढे नवे मांस व नंतर काही महिन्यांत नवे हाड तयार होते. ही गुठळी निसटली अथवा अकाली विरघळली म्हणजे हाड उघडे पडते, आणि त्यास हवा, पाणी व अन्नकण लागताच असह्य वेदना होतात. अमेरिकेतील दंतवैद्य क्रॉफर्ड यांनी १८९६ साली या विकाराचे वर्णन केले. दंतवैद्य त्यास ड्राय सॉकेट म्हणतात. मराठीत कोरडी खाच म्हणता येईल. डेन्मार्कमधील संशोधक बिर्न यांनी १९७३ साली असे प्रतिपादिले की, इजा झालेल्या हाडातून निघणारी द्रव्ये रक्तातील गुठळी विरघळविणाऱ्या शक्तीस जागे करतात. सर्वसाधारण दात काढल्यावर शंभरांत दोन ते पाच जणांस हा त्रास होतो; खालच्या जबड्यात अडकलेल्या अक्कलदाढेच्या बाबतीत मात्र काही पाहण्यांत हे प्रमाण तिसापर्यंत गेलेले आढळते.

विरजण लावलेले भांडे दही लागेपर्यंत कोणी हलवीत नाही. गुठळीचेही तसेच आहे. दंतवैद्याने दिलेला बोळा अर्धा ते एक तास दाबून धरावा. पहिले चोवीस तास गुळण्या करू नयेत, थुंकू नये, नळीने काही ओढून पिऊ नये. त्यानंतर कोमट मिठाचे पाणी तोंडात अलगद फिरवून सोडून द्यावे. खळखळून चूळ भरू नये. दंतवैद्य सांगतील तर क्लोरहेक्सिडीनचा द्रव वापरावा. त्याने हा विकार उद्भवण्याचा संभव कमी होतो.

आहाराच्या बाबतीत खानदेशात एक मोह विशेष आहे. मेहरूणची बोरे प्रसिद्ध आहेत, आणि बोर खाऊन झाल्यावर आठोळी तोंडात घोळवून चोखीत राहण्याची सवय लहानथोरांस असते. त्या चोखण्याने तोंडात जी ओढ निर्माण होते, तीच गुठळीस घातक ठरते. जखम भरेपर्यंत बोरे दूर ठेवावीत. जळगावचे केळे, मऊ भात, कोमट खिचडी हे सोयीचे. भरीत मऊ खरे, पण मिरचीचे तिखट जखमेस सोसवत नाही.

याहून मोठा शत्रू तंबाखू होय. विडी-सिगारेटच्या झुरक्याने गुठळीस ओढ बसते, तंबाखू थुंकताना तोच प्रकार होतो, आणि तंबाखूतील निकोटीन रक्तवाहिन्या आकसवून जखमेचा रक्तपुरवठा घटविते. २०१६-१७ सालच्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू सेवन करीत असल्याचे दिसून आले. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तथापि चुना-तंबाखूची चिमूट व हिरड्यांस लावावयाची मशेरी घरोघर आढळते. मशेरीस व्यसन न समजणाऱ्या गृहिणीने ही गोष्ट दंतवैद्यास आधीच सांगावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही. न सांगण्यात मात्र अपाय आहे.

एवढे करूनही ठणका बळावलाच तर तो सोशीत बसण्यात शहाणपण नाही. दंतवैद्य खाच स्वच्छ धुऊन तीत औषधी पट्टी ठेवतात. तिच्यात बहुधा लवंगेच्या तेलातील युजेनॉल हे द्रव्य असते, आणि पुष्कळदा काही तासांतच आराम पडतो. सात ते दहा दिवसांत नवे मांस हाड झाकते. लवंगेवरची आपली जुनी श्रद्धा येथे सार्थ ठरते खरी, परंतु निव्वळ तेल जखमेत ओतल्याने मांस भाजते. अॅस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवण्यानेही तेच होते. वेदनाशामक गोळ्या वैद्यकीय सल्ल्याने पोटात घ्याव्यात. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार अथवा गर्भारपण असल्यास तर अधिकच जपावे. प्रतिजैविके मात्र उगाच घेऊ नयेत. कोरडी खाच हा मुळात जंतुसंसर्ग नव्हे.

जंतुसंसर्गाची लक्षणे निराळी असतात. ताप येणे, पू वाहणे, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढतच जाणे, ही असल्यास त्याच दिवशी दाखवावे. जिभेखाली वा हनुवटीखाली कठीण सूज येऊन गिळता येईनासे झाले, लाळ गळू लागली अथवा श्वास अडखळू लागला, तर ती लुडविग या जर्मन वैद्याने १८३६ साली वर्णिलेली प्राणघातक व्याधी असू शकते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. बोळा दाबूनही रक्त थांबत नसेल तरीही विलंब करू नये. ओठ वा जीभ दुसऱ्या दिवशीही बधिर राहिल्यास दंतवैद्यास कळवावे.

आपल्याकडे दातदुखी सोसणे हा धैर्याचा भाग समजतात. पण दाढ काढल्यावर दिवसागणिक कमी होणारी वेदना सोसावयाची, व कमी होऊन पुन्हा वाढणारी वेदना दाखवावयाची, एवढा विवेक घरातील वडीलधाऱ्यांनी ठेवला तर तरुण मुलामुलींच्या पुष्कळ रात्री सुखाच्या जातील.