फाडलेली खते, जपलेल्या पावत्या

खेड्यातल्या एखाद्या घरचे दीडशे वर्षांपूर्वीचे कागद वाचायला जातो असे सांगितले, की ऐकणाऱ्याला वाटते, पत्रे असतील. पत्रे जवळजवळ नसतात. लेक दिलेली असते दोन-चार कोसांवर, व्याही बाजारात भेटतो, आणि घरात लिहिता येणारे कुणी नसते. पत्र लिहिणार कोण, आणि कुणाला? असतात ते सरकारसाठी, सावकारासाठी, भाऊबंदांसाठी लिहून घेतलेले कागद. सारा भरल्याच्या पावत्या, कर्जाची खते, गहाणखते, वाटणीपत्रे, बैल घेतल्याचे दाखले. ज्यावरून उद्या कुणी भांडायला उठेल, तेवढेच जपलेले.

हे घर कऱ्हेच्या खोऱ्यातले, सासवड आणि सुपे यांच्या मधल्या पट्ट्यातले. पाटीलकी नाही, इनाम नाही. बहुतेक जिरायतीचे साधे खातेदार. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तांबड्या खारव्याचा रुमाल होता आणि आत वेखंडाचे तुकडे. काही तुकडे काळेठिक्कर, काही बऱ्यापैकी ताजे. म्हणजे कुणीतरी मधूनमधून वेखंड बदलत आले होते. कागद मोडीत. आज घरात ते वाचता येणारे कुणी नाही, आणि ज्यांच्यासाठी ते लिहिले गेले त्यांनाही बहुधा वाचता येत नव्हते. तरी वेखंड बदलले जात होते. का, असे घरातल्या आजींना विचारले. त्या म्हणाल्या, “सासूनं सांगितलं होतं, हे गेलं तर रान जाईल.”

पहिल्या बैठकीत वाचायचे नाही, हा माझा नियम. रुमाल सोडायचा, कागद ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने त्यांचे फोटो काढायचे, आणि प्रत्येकाबरोबर पेन्सिलीने आकडा घातलेली चिठ्ठी ठेवायची. कोणता कागद कशाच्या पोटात घडी करून ठेवला आहे, हीसुद्धा माहिती असते. एकदा सगळे पसरून ‘नीट लावले’ की ती गेली. मऊ कुंचल्याने धूळ काढताना घड्यांतून बारीक वाळू गळते. शाई टिपायला टीपकागद नव्हता, ओल्या अक्षरांवर वाळू टाकत. लांब बंद उलगडला की कसरीने पाडलेले एकच भोक प्रत्येक घडीवर पुन्हा पुन्हा दिसते, आत जाताना लहान लहान होत. त्यावरून कागद किती काळ न उलगडता पडून होता, याचा अंदाज येतो.

शाईकडे आधी बघायचे. काजळ आणि डिंकाची असेल तर अक्षर आजही काळेभोर, पण पाण्याचा थेंब लागला की संपले. हिरडा आणि हिराकसाची असेल तर ती पाण्याला दाद देत नाही, पण कागद खाते. जिथे लेखणी जोरात दाबली तिथे अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराची चीर उरते. कागदही बदलत जातो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जाड, हाताने केलेला, घोटून गुळगुळीत केलेला. पुढे गिरणीचा पातळ, उजेडासमोर धरला की आतला छाप दिसणारा. मधूनमधून राणीच्या मुद्रेचा स्टॅम्पकागद. हाताने केलेला कागद अजून दणकट आहे, गिरणीचा मात्र घडीवर मोडतो.

मग वाचन. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतो आणि बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे टांगत जातो. शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पण घरगुती कागद वाचायला फार विद्वत्ता लागते असे मला वाटत नाही, सवय लागते. निम्मा मजकूर साच्याचा असतो. ‘मौजे’ संक्षेपाने येते, ‘बिन’ आला की पुढे बापाचे नाव, ‘कोम’ आले की नवऱ्याचे. शेताची चतुःसीमा पूर्वेपासून सुरू होते. साचा सरला आणि अक्षर अडखळले, की तिथे या घराचे स्वतःचे काहीतरी आहे असे समजावे.

तारखा मात्र घाम काढतात. या रुमालातला सर्वांत जुना कागद सुहूर सनाचा, आणि तो सन आकड्यांत नाही, अरबी संख्याशब्दांत आहे: खमस अशरीन मयातैन व अलफ. पाच, वीस, दोनशे आणि हजार, म्हणजे १२२५, इसवी १८२४-२५. पेशवाई जाऊन काही वर्षे झाली होती, कारकुनाचा हात मात्र जुन्याच वळणाने चालला होता. नंतरच्या खतांवर शके आणि संवत्सराचे नाव, साऱ्याच्या कागदांवर फसली, आणि हळूहळू शेजारी इंग्रजी तारीख. शकात ७८ मिळवायचे, फसलीत ५९०, आणि फसली वर्ष मृगाच्या सुमारास पालटते हे लक्षात ठेवायचे. एका पावतीवर शके १८००, बहुधान्य नाम संवत्सर. पंचांगाला विनोदबुद्धी नसते. १८७६ ते ७८ या दुष्काळाच्या शेपटालाच हे नाव आले होते.

जमिनीचे वर्णनही असेच भाषा बदलते. जुन्या कागदांत बिघे आणि पांड, शेताला नाव, आणि खुणेला ओढा, बांध, बाभूळ. इंदापूर तालुक्यात १८३५-३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मोजणीची घडी बसवली, ती आसपासच्या तालुक्यांत पसरली, आणि शेतांना नंबर मिळाले, क्षेत्र एकर-गुंठ्यांत आले. गंमत अशी, की घरातल्या खासगी कागदांत शेताचे नाव पुढेही टिकून आहे. सरकारला नंबर सांगायचा, भावाला नाव.

आता खते. रुमालातला सर्वांत जाड जुडगा त्यांचाच, आणि जवळजवळ प्रत्येक खत वरून फाडलेले. हे कुणी रागाने केलेले नाही. कर्ज फिटले की सावकार खत फाडून, पाठीवर भरपाई लिहून कुळाला परत देई. म्हणजे कुळाच्या घरात सापडते ते फिटलेले कर्ज. न फिटलेल्याचे खत सावकाराच्या पेटीत राहिले. या रुमालावरून घर किती कर्जात होते हे ठरवायला गेलात तर फसाल. तो घर कशातून सुटले याचा पुरावा आहे.

आणि सुटले म्हणजे तरी काय? चार फाडलेली खते एका दोऱ्यात ओवलेली होती. तोच सावकार, तेच कुळ, आणि मध्ये तीन-तीन वर्षांचे अंतर. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर दावा लावायची मुदत तीन वर्षांवर आली. कायदा करणाऱ्यांच्या मनात कदाचित कुळाची सोय असेल. सावकाराने त्यातून एवढाच धडा घेतला, की दर तीन वर्षांनी मुद्दल-व्याजाची बेरीज करून नवे खत लिहून घ्यायचे. शंभर रुपयांवर दरमहा दर शेकडा दोन रुपये व्याज धरा. तिसऱ्या वर्षी १७२. ते नवे मुद्दल धरले की सहाव्या वर्षी २९५, नवव्या वर्षी ५०८. प्रत्येक नवे खत फिटल्याच्या शेऱ्याने जुने खत मिटवते. त्यामुळे ओळीने ठेवल्यावर असे दिसते, की हा माणूस दर तीन वर्षांनी प्रामाणिकपणे कर्ज फेडत होता. शिवाय खतात ‘रोख घेतले’ असे लिहिलेले. त्यातले जुनी बाकी म्हणून किती वळते केले, मनोती म्हणून आधीच किती कापले, हे खत सांगत नाही. या दोन शब्दांवर मी कधीच विश्वास ठेवत नाही.

खताच्या तळाशी सही नसते, नांगर असतो. ‘निशाणी नांगराची’. हे चित्र बहुधा लिहिणाराच काढी, सराईतपणे, दोन-तीन फटकाऱ्यांत. इथल्या एका खतावर मात्र नांगराचा दांडा जाड, शाई सांडलेली, फाळ भलतीकडे वळलेला. तो बोरू न धरणाऱ्या हाताने काढला आहे, एवढे नक्की. शेजारी दुसरी निशाणी, बांगडीची. घरातल्या विधवा सुनेची संमती लागली होती.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात जे झाले ते या घरापासून काही कोसांवर. जमाव सावकारांच्या दुकाना-घरांवर गेला, आणि त्याने मागितली ती खते, दस्तऐवज, हुकूमनामे. हाती लागली ती जाळली. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला, पण सर्वत्र रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. इतिहासाच्या पुस्तकात हे वाचताना कुणब्याच्या भाबडेपणाचे हसू येऊ शकते: कागद जाळला म्हणजे कर्ज जळते का? त्या चार खतांची माळ हातात घेतली की हसू येत नाही. त्याचे कर्ज खरोखर त्या कागदातच राहत होते. बाहेर त्याला दुसरा हिशेब नव्हता. सरकारलाही शेवटी तेच मानावे लागले. १८७९चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला, आणि खत गावच्या रजिस्ट्रारसमोर करावे, सावकाराने पावती आणि हिशेब द्यावा असे ठरले. रुमालात त्यानंतरची खते वेगळी ओळखू येतात. ती मोठी आहेत, शिक्के आहेत, आणि पहिल्यांदाच सावकाराच्या पावत्याही आहेत.

सरकारी पावत्यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. हप्ता, सारा, रुपयामागे एक आणा लोकल फंड, कुलकर्ण्याची सही. त्या समोरून बघायच्याच नसतात, उलट्या करायच्या. कागद महाग, म्हणून पाठ कोरी सोडलेली नाही. बाजाराची यादी: मीठ, गूळ, खोबरे, तंबाखू. वैद्याचे औषध. मुलगा झाला त्याची तिथी, वार आणि सूर्योदयापासूनच्या घटका, जोशाला सांगायला. एका पावतीच्या मागे कुणीतरी बाळबोध अक्षरात स्वतःचे नाव पुन्हा पुन्हा गिरवले आहे, वळण दर ओळीला सुधारत. घरातला शाळेत गेलेला पहिला मुलगा तो असावा, कारण याआधीच्या कागदांत घरच्या कुणाचेच अक्षर नाही. या मजकुरांपैकी एकही कुणी जपून ठेवला नव्हता. जपली होती साऱ्याची पावती. हे तिच्या पाठीवर बसून आले.

वाटणीपत्र मात्र सावकाश वाचावे. तीन भाऊ, पंच बसलेले, चिठ्ठ्या टाकलेल्या. घर खणांनी वाटले आहे, आणि मधल्या भिंतीचा खर्च कुणी करायचा तेही आहे. बैलजोडी थोरल्याला, तिच्या बदल्यात धाकट्याला जिरायतीचा जास्त तुकडा. धान्याचे पेव सामाईक, बांधावरचा आंबा सामाईक, फळ उतरल्यावर तीन वाटे. देणेही वाटलेले. आईच्या पोटगीस तिघांनी दरसाल बाजरी, एक लुगडे, दोन चोळ्या. आई ज्याच्याकडे राहील त्याने बाकीच्यांकडून मागून घ्यावे. आईचे नाव नाही, नुसते ‘मातुश्री’. नावे शोधायला त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांकडे जावे लागते. यात्रेला आलेल्या कुटुंबातली माणसे तिथे नावानिशी सापडण्याची शक्यता जास्त. घरच्या दप्तरात बाई नावाने येते ती विधवा झाल्यावर, अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून, किंवा कशाला तरी हरकत नाही असे सांगायला.

गेल्या काही वर्षांत असे रुमाल पुन्हा सुटू लागले आहेत. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि तालुक्याच्या रेकॉर्डरूममधली कोतवाल बुके वाचायला मोडीचे जाणकार हवे झाले. मलाही त्यामुळेच बोलावणी येतात. लोक विचारतात तो ‘कुणबी’ शब्द बहुधा त्या बुकांतल्या जन्ममृत्यूच्या नोंदींत मिळतो. घरच्या खतांत जात लिहिलेली असेल किंवा नसेल. ती नाही म्हटल्यावर उरलेल्या कागदांवरचे लक्ष उडते. मी त्यांना विनवतो, निदान फोटो काढू द्या. तज्ज्ञाला दाखवेपर्यंत लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी तर मुळीच लावू नका.

या घरात मात्र लक्ष उडाले नाही, कारण वाटणीपत्रात शेवटी विहीर निघाली. मोटेच्या आठ दिवसांच्या पाळ्या: थोरला तीन, मधला तीन, धाकटा दोन, बागाइताचा वाटा त्याला कमी म्हणून. विहीर अजून तीच आहे. तिच्यावर वीजपंप बसला आहे, वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते, आणि पंप कुणी किती वेळ चालवायचा यावरून तीन घरांत बोलणे बंद आहे. माझे यजमान काका धाकट्याच्या वंशातले. त्यांनी आजवर बरोबरीच्या पाळीचा दावा लावून धरला होता. मी ओळ वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली, मग ‘दोन’ कुठे लिहिले आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगितले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मधल्याच्या घरचा चुलतभाऊ. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता: पाळीचा कागद सापडला म्हणे, वाचून झाला का?

काकांनी माझ्याकडे बघितले आणि फोनवर हात ठेवला. “सर,” ते म्हणाले, “अक्षर लागत नाही म्हणून सांगतो. चालेल ना?”