माणसं पुसली, समुद्र उरला

अमेरिकी चित्रकार विन्स्लो होमर (१८३६–१९१०) १८८१-८२मध्ये इंग्लंडमधल्या कलरकोट्स या मच्छीमारांच्या गावी राहिले आणि त्यांच्या चित्रांतला समुद्र गंभीर झाला. १८८३मध्ये ते मेन राज्यातल्या प्राउट्स नेक या खडकाळ भूशिरावर गेले. घोडागाड्या ठेवायच्या इमारतीचा त्यांनी स्टुडिओ करून घेतला, वर समुद्राकडे तोंड केलेला सज्जा काढला आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. वादळ म्हणजे त्यांना पर्वणीच.

‘नॉर्थईस्टर’ हे चित्र १८९५मध्ये प्रदर्शनात आलं, तेव्हा त्यात खडकावर दबकून बसलेली दोन माणसं होती. चित्राचं कौतुकही झालं. तरी पुढच्या काही वर्षांत होमर यांनी ती माणसं रंगाखाली झाकून टाकली आणि फेसाचा फवारा आणखी उंच केला. हा निर्णय धाडसाचा होता आणि माझ्या मते अगदी योग्य. आता लाटेसमोर थेट पाहणाराच उभा राहतो. हे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

१९००च्या ‘वेस्ट पॉइंट, प्राउट्स नेक’मध्ये तांबड्या आभाळापुढे पाण्याचा एकच वळणदार झोत उसळलेला दिसतो. सूर्यास्तानंतर पंधरा मिनिटांनी दिसणारा हा प्रकाश, एक मिनिटही आधीचा नाही, असं होमर यांनी आवर्जून लिहिलं होतं. ती वेळ गाठण्यासाठी त्यांनी पुन्हापुन्हा किनारा गाठला.

हा स्टुडिओ आता पोर्टलंड कलासंग्रहालयाकडे आहे. दुरुस्तीनंतर २०१२पासून तो लोकांना पाहता येतो.