नवा कोरा सर्व्हर म्हातारा का होतो?

सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत संगणकाचं काम पाहणाऱ्या वाचकाचा प्रश्न आला आहे. संस्थेने नवा सर्व्हर घेतला. पहिले दोन-तीन दिवस बटण दाबायचा अवकाश की नोंद झालीच. मग ती रेंगाळायला लागते, आणि आठवडा सरत आला की काउंटरवर खातेदारांची कुरकुर सुरू होते. बंद करून चालू केला की गडी पुन्हा ताजातवाना! विक्रेता म्हणतो, रॅम वाढवा. वाढवावी का?

लगेच नको. या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा पुरावा वाचकानेच पुरवला आहे. सर्व्हर एकाएकी बंद पडत नाही, दिवसागणिक मंदावतो, आणि रिस्टार्टने बरा होतो. प्रोसेसर थकत नसतो. पहिल्या दिवशी जी बेरीज जितक्या वेळात करतो, तीच दहाव्या दिवशी तितक्याच वेळात करतो. पंख्यात धूळ बसून तो तापला तर स्वतःहून वेग कमी करतो हे खरं, पण ती धूळ रिस्टार्टने झडत नाही. म्हणजे कुठेतरी काहीतरी साचत चाललं आहे, आणि तेही अशा जागी, जी वीज गेली की पुसली जाते. डिस्कवरच्या नोंदी, लॉग फायली, फुगलेले डेटाबेस रिस्टार्टनंतरही जिथल्या तिथे असतात. पुसली जाते ती रॅम. स्क्रू ड्रायव्हर हातात न घेता निम्मं निदान झालं. (मंदपणा फक्त सकाळी अकराला किंवा महिनाअखेरीला येत असता, तर तो गर्दीचा प्रश्न ठरला असता. त्याचं गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग यांनी १९०९ पासूनच मांडायला घेतलं होतं. त्यांच्यावर पुन्हा कधीतरी.)

रॅममध्ये साचतं म्हणजे काय? गावोगावी मंदिराच्या किंवा मंडळाच्या मालकीची पंगतीची भांडी असतात, नाव कोरलेली. घरी कार्य निघालं की वहीत लिहून न्यायची, घासूनपुसून परत आणायची. प्रोग्रॅमचा व्यवहार असाच चालतो. रॅम ऑपरेटिंग सिस्टिमच्या ताब्यात असते. खातेदाराची नोंद उघडायची म्हणून प्रोग्रॅम थोडी जागा मागून घेतो आणि काम झालं की परत करतो. म्हणजे करायला हवी. समजा, दर कार्याला एक वाटी कुणाच्या तरी माळ्यावर राहून जाते. एका वाटीचं कुणाला काय! पण दोन लग्नसराया उलटल्या की पंगत बसते आणि वाट्या पुरत नाहीत. गंमत अशी की, वाटी कुठे ठेवली हे नेणाऱ्यालाही आता आठवत नाही. वहीत ती ‘दिलेली’ आहे, वापरात कुणाच्याच नाही. ‘मेमरी लीक’ म्हणतात ते हेच. रिस्टार्ट म्हणजे वही फाडून टाकणं आणि सगळी भांडी एका क्षणात मंडळाच्या खोलीत हजर होणं. गावात हा चमत्कार होत नाही, संगणकात होतो.

यावर जॉन मॅकार्थी यांनी १९६०च्या सुमारास, लिस्प या भाषेसाठी, एक तोडगा काढला. घरोघर फिरून पडून असलेली भांडी गोळा करणारा एक माणूसच नेमून टाकला. त्याला ‘गार्बेज कलेक्टर’ म्हणतात आणि आजची जावा त्याच्याच भरवशावर चालते. जावात लिहिलेला प्रोग्रॅम गळतच नाही, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात ते यामुळे. पण हा माणूस वापरात दिसणाऱ्या भांड्याला हात लावत नाही. आजींनी पातेल्यात तांदूळ भरून ठेवले की ते पातेलं गेलंच. त्याहून वाईट म्हणजे भांडी कमी पडू लागली की त्याच्या फेऱ्या वाढतात, आणि बऱ्याचदा तो फिरत असताना गावातली बाकीची कामं खोळंबतात. सर्व्हर बंद पडण्याच्या बराच आधी मंदावतो, त्याचं एक कारण इथे आहे.

दुसरं कारण जास्त घातक. रॅम संपत आली की ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यातला काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. कल्पना झकास, फक्त वेगातली दरी भयंकर. रॅममधून काही आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, फिरत्या हार्ड डिस्कवरून १० मिलिसेकंद. एक लाख पट! रॅमला एक सेकंद लागतो असं धरलं, तर डिस्कला सत्तावीस तासांहून जास्त लागतील. एसएसडी बरी, तिला याच मापाने पंधरा-वीस मिनिटं पुरतील. साठच्या दशकात एकाच संगणकावर अनेक प्रोग्रॅम एकदम चालवायला सुरुवात झाली, तेव्हा अभियंत्यांना एक विचित्र अनुभव येऊ लागला. आणखी एक प्रोग्रॅम चढवला की सगळं यंत्र जागच्या जागी गोठायचं. प्रोसेसर रिकामा, डिस्क मात्र जिवाच्या आकांताने फिरतेय. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली याची उकल केली. प्रत्येक प्रोग्रॅमला कोणत्याही क्षणी आपल्या पसाऱ्यातला एक ठरावीक भाग हाताशी लागतोच. त्याला त्यांनी ‘वर्किंग सेट’ म्हटलं. सगळ्यांचे हे भाग मिळून रॅमच्या बाहेर गेले, की जो तो दुसऱ्याला हुसकावून आत येतो आणि काम कुणाचंच होत नाही. तेव्हा रॅम गळते ती दररोज सारखीच, त्रास मात्र सारखा वाढत नाही. चार दिवस काहीच जाणवत नाही, पाचव्या दिवशी कुरकुर आणि सहाव्या दिवशी कडेलोट.

आता रॅम वाढवायचं काय? सर्व्हरमध्ये १६ जीबी रॅम आहे, रोजच्या कामाला १० लागतात आणि दिवसाला एक जीबी गळते असं समजू. सहा दिवसांत खेळ खलास. ३२ जीबी केली तर बावीस दिवस. म्हणजे पैसे मोजून दुखणं आठवड्यावरून तीन आठवड्यांवर नेलं, आणि आता ते ऐन महिनाअखेरीच्या गर्दीत उपटण्याची सोय केली! गळती नसेल आणि कामालाच १६ जीबी अपुरी असेल, तर वाढवणं योग्यच. पण तसं असतं तर सोमवारीही संथच चाललं असतं. जाता जाता आणखी एक सांगतो. लिनक्सवर ‘फ्री’ मेमरीचा आकडा जवळजवळ शून्यावर आलेला पाहून घाबरू नये. रिकामी रॅम लिनक्स वाया जाऊ देत नाही, डिस्कवरच्या वाचलेल्या फायली तिच्यात ठेवतं आणि कुणी जागा मागितली की लगेच सोडतं. पाहायचा तो ‘अव्हेलेबल’चा आकडा. हा फरक माहीत नसल्यामुळे किती रॅम विकली गेली असेल, कोण जाणे.

सतत चालण्याने हळूहळू बिघडणाऱ्या यंत्रांच्या इतिहासात एक प्रकरण असं आहे की, ते वाचल्यावर रिस्टार्टला कुणी हसणार नाही. २५ फेब्रुवारी १९९१, आखाती युद्ध, सौदी अरेबियातलं धाहरान. इराकचं स्कड क्षेपणास्त्र येत होतं आणि त्याला हवेत गाठण्यासाठी अमेरिकेची पॅट्रियट यंत्रणा सज्ज होती. तिने ते गाठलं नाही. स्कड सैनिकांच्या बराकीवर पडलं, २८ जण ठार झाले. चौकशीत निघालेलं कारण जवळजवळ शाळकरी होतं. यंत्रणेचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजायचं आणि त्या संख्येला ०.१ ने गुणून सेकंद काढायचं. पण एक-तृतीयांश जसा दशांशात लिहून संपत नाही, तसा एक-दशांश द्विमानात संपत नाही. २४ बिटांत बसवण्यासाठी शेपूट छाटलं गेलं. चूक केवढी? दर ठोक्याला सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी. पण त्या दिवशी ही तोफखाना-तुकडी शंभरेक तास अखंड चालू होती. छत्तीस लाख ठोके! साचून साचून चूक सेकंदाच्या एक-तृतीयांशावर गेली. स्कड तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. रडार आकाशातल्या चुकीच्या तुकड्याकडे पाहत राहिलं.

मूळ आखणीत ही यंत्रणा सतत जागा बदलणारी आणि एका वेळी काही तासच चालणारी होती. शंभर तास ती कुणी चालवेल, असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. इस्रायलींनी मात्र आठ तासांतच नेम ढळल्याचं टिपलं आणि ११ फेब्रुवारीला अमेरिकेला कळवलं. १६ तारखेला सुधारलेलं सॉफ्टवेअर तयार झालं. २१ तारखेला तुकड्यांना निरोप गेला की, फार वेळ चालवल्यास लक्ष्य हुकू शकतं. पण ‘फार वेळ’ म्हणजे किती तास, हे त्या निरोपात नव्हतं! यंत्रणा रिस्टार्ट करायला एक-दीड मिनिट पुरे होतं. नवं सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं २६ तारखेला.

‘फार वेळ’ म्हणजे किती, या प्रश्नाला गणिताचं उत्तर देणारा माणूस आपल्या पवईत शिकून गेला आहे, आणि त्याचं नाव आपल्याकडच्या संगणकवाल्यांनाही फारसं माहीत नसतं. १९९५ साली बेल लॅब्जमधल्या येन्नुन हुआंग, चंद्रा किंताला आणि सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध लिहिला. चालता चालता सॉफ्टवेअर म्हातारं होतं, तेव्हा ते कोसळायची वाट न पाहता अधूनमधून आपणच थांबवावं, साफ करावं आणि पुन्हा सुरू करावं, असं त्यांचं म्हणणं. या उपायाला त्यांनी ‘रिजुव्हिनेशन’ असं भारदस्त नाव दिलं. ‘बंद करून चालू करा’ला शास्त्राची पदवी मिळाली, असं म्हणायचा मोह होतो, पण खरा प्रश्न होता, कधी? रोज केलं तर काम बुडतं, उशिरा केलं तर यंत्र गर्दीच्या वेळी झोपतं. तिथे किशोर त्रिवेदी यांचं काम येतं. आयआयटी मुंबईचे १९६८ सालचे पदवीधर, पुढे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात प्राध्यापक, आणि विश्वासार्हतेचं संभाव्यताशास्त्र हा त्यांचा प्रांत. ठरवून थांबण्याचा खर्च आणि अवचित कोसळण्याचा खर्च यांचं समीकरण त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मांडलं. मला जास्त आवडतं ते त्यांचं १९९८ मधलं काम. त्यांनी युनिक्स संगणकांची मोकळी मेमरी, उघड्या फायली वगैरे आकडे दीर्घकाळ सतत टिपले, त्यांतला रोजचा चढउतार बाजूला सारून खालचा सावकाश कल शोधला आणि तो कधी शून्याला टेकेल याचा अंदाज बांधला. पुढे आयबीएमने ही कल्पना आपल्या सर्व्हरच्या व्यवस्थापनात आणली. आज ‘एआय तुमच्या सर्व्हरचं भविष्य सांगतं’ अशा जाहिराती येतात, तेव्हा मला ही जुनी उतरती रेघ आठवते.

ही रेघ कुणालाही काढता येते, आणि ती रिस्टार्टच्या आधी काढायची असते, कारण रिस्टार्टबरोबर पुरावाही पुसला जातो. रोज एकाच वेळी प्रत्येक प्रोग्रॅमने किती रॅम धरली आहे, किती फायली आणि डेटाबेसची किती कनेक्शन उघडी आहेत, हे टिपून ठेवायचं. आठवडाभरात जो आकडा फक्त चढतो आणि रात्री काम नसतानाही उतरत नाही, तो आपला चोर. बहुतेकदा तो एकाच प्रोग्रॅमच्या नावापुढे सापडतो, मग तेवढाच प्रोग्रॅम रात्री थांबवून पुन्हा सुरू केला तरी भागतं. आणि तो आलेख विक्रेत्यापुढे ठेवला की रॅमची भाषा बंद होऊन दुरुस्तीची सुरू होते.

मात्र साचणारी गोष्ट रॅममध्येच असेल, असं नाही. ४ जानेवारी २००४ रोजी नासाचं स्पिरिट यान मंगळावर उतरलं. नवं कोरं यंत्र, अठराव्या मंगळदिवसापर्यंत झकास चाललं आणि २१ जानेवारीला भरकटलं. संगणक सुरू व्हायचा, कोलमडायचा, पुन्हा सुरू व्हायचा. साठाहून जास्त वेळा! रात्री झोपायचं तेही जमेना, बॅटरी उतरू लागली. दोष असा होता की, फ्लॅश मेमरीतल्या फायलींची यादी यान रॅममध्ये मांडायचं. पृथ्वीपासूनच्या सात महिन्यांच्या प्रवासातल्या फायली तिच्यात होत्या, आणि फाइल पुसली तरी यादी आखडत नव्हती. यादी रॅममध्ये मावेना, म्हणून संगणक रिस्टार्ट व्हायचा आणि सुरू होताच तीच यादी पुन्हा मांडायला बसायचा. फ्लॅश मेमरी वीज गेल्यावरही पुसली जात नाही, त्यामुळे इथे रिस्टार्ट हा उपाय नव्हता, तोच आजार झाला होता. अभियंत्यांनी दहा मिनिटांच्या संदेशअंतरावरून यानाला फ्लॅशला हात न लावता सुरू व्हायला सांगितलं, शेकडो जुन्या फायली काढल्या आणि शेवटी ती मेमरी फॉरमॅट करून टाकली. या धावपळीतच, २५ जानेवारीला, जुळं यान ऑपॉर्च्युनिटी मंगळाच्या दुसऱ्या बाजूला उतरलं. सॉफ्टवेअर तेच, दोषही तोच. फक्त या वेळी फायली मोजायच्या आहेत, हे माहीत होतं.