पाइप तुंबतो तेव्हा

ऑपरेटिंग सिस्टिमच्या व्हायवाला ‘पाइप म्हणजे काय?’ हा प्रश्न ठरलेला आणि ‘दोन प्रोसेसमधला संवाद’ हे उत्तरही पाठ! युनिक्समध्ये पाइप १९७३ साली आले. कल्पना डग मॅकिलरॉय यांची, कोड केन थॉम्प्सन यांचा. पण हा पाइप तुंबतो कधी, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच, कारण प्रोजेक्टच्या डेमोला नेमकं तेच घडतं.

पाइप म्हणजे मेसचा काउंटर समजा. आतून ताटं ठेवायची, बाहेरून उचलायची. काउंटर भरला की ठेवणारा थांबणार. लिनक्समध्ये साध्या पीसीवर हा काउंटर ६५,५३६ बाइट्सचा असतो. (२००५ च्या २.६.११ कर्नलआधी तो फक्त ४,०९६ चा होता.)

आता क्लायंट आणि सर्व्हर दोन पाइपांनी जोडा, एक जाणारा, एक येणारा. क्लायंट दोन लाख बाइट्स पाठवतोय आणि सगळं लिहून झाल्यावरच उत्तर वाचणार आहे. सर्व्हर चार-चार हजार बाइट्स वाचून तेवढंच उत्तर लगेच परत लिहितोय. उत्तराचा पाइप भरतो, सर्व्हर थांबतो. मग विनंतीचा पाइप भरतो, क्लायंटही थांबतो. झालं! ‘आधी तू वाच’ म्हणत दोघेही बसून. एरर नाही, सीपीयू थंड.

गंमत म्हणजे ‘हॅलो’ पाठवून केलेली टेस्ट पास होते. क्लायंट आणि सर्व्हर वेगवेगळे तपासले तरी पास. दोष जोडणीत आहे, म्हणून टेस्टही जोडूनच घ्यायला हवी. मेसेज १ बाइटचा, मग ६५,५३६ चा, ६५,५३७ चा आणि दोन लाखांचा पाठवा. वाचणाऱ्याला मुद्दाम स्लीप देऊन बघा. त्याला मध्येच किल करा. लिहिणाऱ्याला सिगपाइप सिग्नल येतो आणि तो हाताळला नसेल तर तोही मरतो. अडकलंच, तर दोन्ही प्रोसेसना एसट्रेस लावा. दोघेही ‘राइट’वर थांबलेले दिसले की चोर सापडला. उपाय सोपा: वाचायला वेगळा थ्रेड, नाहीतर नॉन-ब्लॉकिंग राइट आणि पोल.

आणि वेग? प्रत्येक राइट हा सिस्टिम कॉल, तो फुकट नसतो. एकेक बाइट पाठवणं म्हणजे एकेक पोळीसाठी काउंटरवर खेप! बफर भरून पाठवा. मोजताना एका फेरीला लागणारा वेळ आणि सेकंदाला जाणारे बाइट्स वेगळे मोजा. मोठ्या बफरने दुसरा आकडा सुधारतो. पण बफर भरेपर्यंत थांबलेल्या छोट्या मेसेजला उशीरच होतो.

तेव्हा डेमोच्या आदल्या रात्री निदान दोन लाख बाइट्स तरी पाठवून बघाच.