कुलाब्याच्या भट्टीतला कार्बन

कुलाब्याच्या टोकाला, नेव्हीनगरशेजारी असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला यिट्रियम, निकेल आणि बोरॉन यांच्या एका संयुगाची तपासणी चालू होती. यिट्रियमची गणना दुर्मीळ मृदा धातूंमध्ये होते. नमुना गार करत नेल्यावर १२ केल्व्हिनच्या, म्हणजे उणे २६१ अंश सेल्सियसच्या आसपास अतिसंवाहकतेची, म्हणजे वीज विनारोध वाहण्याची, खूण दिसली. पण अतिसंवाहक होत होता तो नमुन्याचा जेमतेम एक छोटा भाग.

मग हा गुण नक्की कुणाचा?

संशय कार्बनवर गेला. कार्बन मुद्दाम मिसळला, तसा तो भाग वाढला. आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध जानेवारी १९९४मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या गटाने या कुळातल्या संयुगांची रचना उलगडली. निकेल-बोरॉनच्या थरांमध्ये दुर्मीळ मृदा धातूचा थर आणि कार्बन बसलेला त्याच थरातल्या रिकाम्या जागांत. कार्बनचे हे अणू काढले, तर मागे उरतो तो आधीपासून माहीत असलेला एक साधा साचा.

धातूंच्या स्फटिकजाळीत अशा रिकाम्या जागा असतातच आणि हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांचे लहान अणू तिथे शिरतात. लँथेनम आणि निकेलचं संयुग हायड्रोजन शोषून घेतं; निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी त्याच गुणावर चालते. समेरियम-लोहाच्या संयुगात नायट्रोजन शिरला की जाळी फुगते आणि चुंबकत्व टिकण्याची तापमानमर्यादा सुमारे ११५ अंशांवरून ४७५ अंश सेल्सियसच्या आसपास जाते. डब्लिनमध्ये मायकेल कोई आणि होंग सुन यांनी १९९०मध्ये हे दाखवलं.

ऑक्सिजनचा स्वभाव वेगळा. दुर्मीळ मृदा धातूंची त्याच्याशी इतकी जवळीक, की पोकळीत गुमान बसण्याऐवजी तो बहुतेकदा धातूला संयुगातून ओढून ऑक्साइड बनवतो. उरलेल्या भागाचं रासायनिक प्रमाणच त्यामुळे बिघडतं. क्वचित तो पोकळीत टिकला, तर भोवतालच्या धातूंचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो; वीज वाहून नेणारे इलेक्ट्रॉन तेवढे कमी होतात, चुंबकी अणूंमधला दुवाही बदलतो.

म्हणून प्रयोगशाळेत पहिली लढाई हवेशी. पाण्याने गार ठेवलेल्या तांब्याच्या तळावर, आर्गॉन वायूत, विजेच्या ठिणगीने धातू वितळवतात. त्याआधी टायटॅनियमची गोळी वितळवायची, म्हणजे आर्गॉनमधला उरलासुरला ऑक्सिजन ती गिळते. टायटॅनियमला ते जमतं, कारण त्याच्या जाळीतल्या पोकळ्यांमध्ये दर दोन धातू-अणूंमागे जवळजवळ एक ऑक्सिजन मावतो.

एवढं करूनही मूळ धातूच अशुद्ध असला तर? अमेरिकेतल्या एम्स प्रयोगशाळेत पेचार्स्की आणि श्नायडनर यांनी १९९७मध्ये गॅडोलिनियम, सिलिकॉन आणि जर्मेनियमच्या संयुगाचा एक विलक्षण गुण नोंदवला. चुंबकीय क्षेत्र लावलं की ते तापतं, काढलं की थंड पडतं आणि हा परिणाम शून्य अंश सेल्सियसच्या आसपास सर्वांत तीव्र असतो. चुंबकी शीतकपाटाची आशा इथून वाढली. पण बाजारात मिळणारं, कार्बन-ऑक्सिजनसारख्या अशुद्धी असलेलं गॅडोलिनियम वापरलं, की तो भव्य परिणाम मावळतो.

कुलाब्याच्या संयुगांनी पुढे आणखी एक कोडं घातलं. यिट्रियमच्या जागी अर्बियम घातलं, तर सुमारे ११ केल्व्हिनला अतिसंवाहकता येते आणि ६ केल्व्हिनला त्याच नमुन्यात चुंबकी व्यवस्थाही उभी राहते. होल्मियम घातलं, तर ५ केल्व्हिनच्या आसपास अतिसंवाहकता डळमळते आणि आणखी थंड केल्यावर पुन्हा सावरते.