ॲप्रनच्या खिशातला खर्रा (लेखांक 7)

सुपारीने तोंड कसं आखडत जातं, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. त्यावर एक प्रश्न हमखास येतो: एवढं सगळं शिकतात, तर मग ही डॉक्टर होणारी पोरंच खर्रा कशी खातात?

सौंसर-पांढुर्ण्याकडची पोरं दातांच्या, नर्सिंगच्या नाहीतर फार्मसीच्या शिक्षणाला निघाली की नागपूर गाठतात, नाहीतर छिंदवाडा. पांढुर्णा जिल्हा 2023 साली वेगळा झाला, पण मोठा दवाखाना म्हटला की लोकांच्या तोंडी नागपूरच. आणि खर्रा मध्य प्रदेश-महाराष्ट्र सीमेच्या अल्याड-पल्याड सारखाच. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून टपरीवाला तो हाताने घासत राहतो. माल मऊ, ओलसर झाला की पुडी तयार. मध्य प्रदेशाने 1 एप्रिल 2012 रोजी गुटख्यावर बंदी आणली, देशात सर्वांत आधी. महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैत. ती छापील पाकिटाला नडली. समोर घासून मिळणाऱ्या खर्र्याचं काही अडलं नाही.

होस्टेलच्या पोराला खर्रा सोयीचा पडतो. सिगारेटचा वास लपत नाही. खर्रा गालात दाबला की झोप उडते, भूक मरते, परीक्षेची रात्र निघते. घरी आजोबा, काका, शेतावरचे गडी सगळे खाताना पाहिलेलं; त्याला तो व्यसन वाटतच नाही. सिगारेट ओढणारा मित्र ‘बिघडला’, खर्रा खाणारा मात्र आपल्यातला!

म्हणून पोराला अज्ञानी म्हणण्यात अर्थ नाही. तोंडाचा कर्करोग त्याने पुस्तकात वाचलाय, ओपीडीत बघितलाय. अडतं ते दुसरीकडेच.

जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने वैद्यकीय, दंत, नर्सिंग आणि फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची पाहणी सुरू केली. 2005 साली पहिल्या दहा देशांचे आकडे आले. त्यांत भारतातले दंतवैद्यकाचे विद्यार्थीही होते. रुग्णाला तंबाखू कशी सोडवायची ते आम्हाला शिकवा, असं प्रत्येक देशात किमान 87 टक्के विद्यार्थ्यांनी म्हटलं. ते रीतसर शिकवलं गेलं होतं कुठे 5 टक्क्यांना, तर फार तर 37 टक्क्यांना. मला यात दोष विद्यार्थ्यापेक्षा अभ्यासक्रमाचा जास्त दिसतो. रोग शिकवला, रुग्णाशी बोलणं शिकवलंच नाही.

त्याची किंमत 2016-17च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात दिसते. भारतात धूम्रपान करणारे 10.7 टक्के, तोंडात तंबाखू ठेवणारे 21.4 टक्के, म्हणजे दुप्पट. मध्य प्रदेशात कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणारे 34.2 टक्के, महाराष्ट्रात 26.6. आता पुढचा आकडा पाहा. वर्षभरात दवाखान्यात गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी 48.8 टक्के लोकांना ‘सोडा’ असा सल्ला मिळाला. तोंडात तंबाखू ठेवणाऱ्यांत हे प्रमाण 31.7 टक्के. जे व्यसन घरोघरी आहे, त्याबद्दल डॉक्टर कमी बोलतात. स्वतःच्या गालात पुडी असली तर कोण बोलणार?

दंत महाविद्यालयाच्या खुर्चीवर नेहमी घडणारा प्रसंग घ्या. विद्यार्थी म्हणतो, “तोंड उघडा.” रुग्णाची तीन बोटं उभी आत जायला हवीत, जेमतेम दोन जातात. गालाची आतली बाजू पांढुरकी, बोटाला ताठ लागते. “तंबाखू खाता काय?” “नाही जी.” विद्यार्थी तसं लिहून मोकळा होतो. “खर्रा?” असं विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, “तो तर खातो, दिवसाचे चार-पाच.” खर्र्याला तंबाखूत मोजत नाहीत, आणि नुसत्या सुपारीला तर कशातच नाही, कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने मात्र 2004 सालीच सुपारीला थेट कर्करोगकारक ठरवलंय. “खर्रा?” हा नेमका प्रश्न सौंसरच्या पोराला आपसूक सुचायला हवा, कारण ही भाषा त्याचीच.

डॉक्टर स्वतः सोडू शकतात, याचा जुना दाखला आहे. 1951 साली डॉल आणि हिल या संशोधकांनी ब्रिटिश डॉक्टरांना त्यांच्याच सिगारेटच्या सवयीबद्दल पत्रं पाठवली. पुढची वर्षं कोण कशाने मेलं याची नोंद ठेवली, आणि निष्कर्ष त्याच डॉक्टरांच्या हाती पडले. पुष्कळांनी सिगारेट टाकली. आपल्याकडे सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने, स्थापना 1969, वेगळी वाट धरली: खादी, शाकाहार आणि दारू-तंबाखूला मज्जाव असा तिथला आचार. नियम चांगला, पण नियमाने खिसा रिकामा होतो, जीभ सुटत नाही.

ती सुटावी म्हणून दंत महाविद्यालयांत तंबाखूमुक्ती केंद्रं आहेत. तिथे पहिला रुग्ण म्हणून वर्गातलाच एखादा बसवावा, असं माझं मत. नाव नोंदवू नये, प्राध्यापकाने दम देऊ नये. सोडताना तलफ कधी येते आणि चिडचिड किती दिवस टिकते, हे त्या मुलाने सांगितलं तर बाकीचे कान देऊन ऐकतील.

ज्याचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही त्याला निकोटीनचं च्युइंगगम चघळायला कसं सांगायचं, आणि तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या 1800-11-2356 या मोफत क्रमांकावर फोन लावल्यावर पलीकडून काय विचारतात, ते पुढच्या आठवड्यात.