विद्युत गिटारमधील पिकअपचे स्थाननिर्धारण : एक भौतिकशास्त्रीय विवेचन

बीजसंज्ञा : विद्युत गिटार, पिकअप, निस्पंद बिंदू, हार्मोनिक, स्केल लांबी

प्रस्तावना

मागणीनुसार विद्युत गिटार घडविताना पिकअप कोठे बसवावा, हा प्रश्न लाकडाच्या निवडीइतकाच महत्त्वाचा ठरतो. पिकअप पुढे बदलता येतो. परंतु त्यासाठी लाकडात कोरलेली खाच पूर्ववत करणे अवघड असते. म्हणून हा निर्णय कोरकाम सुरू होण्यापूर्वीच घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखात त्यामागील तत्त्वांचा विचार केला आहे.

कार्यतत्त्व

पिकअप म्हणजे चुंबक व त्याभोवती गुंडाळलेले तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. पिकअप संपूर्ण तारेचे नव्हे, तर आपल्या माथ्यावरील अल्प भागाचेच कंपन टिपतो. तारेत मूळ कंपनासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेची कंपने, म्हणजेच हार्मोनिक, एकाच वेळी असतात. ज्या हार्मोनिकचा निस्पंद बिंदू पिकअपवर येतो, तो जवळजवळ टिपला जात नाही.

चोविसाव्या पडद्याची समजूत

१९५४ मध्ये आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरची स्केल लांबी ६४८ मिलिमीटर आहे. तिचा मानेकडील पिकअप ब्रिजपासून सुमारे १६२ मिलिमीटरवर, म्हणजे एकचतुर्थांश अंतरावर येतो. चोविसावा पडदा असता तर तो तेथेच आला असता. यावरून ही जागा निस्पंद बिंदूमुळेच मधुर ठरते, अशी समजूत रूढ झाली. ती तपासली असता टिकत नाही. मोकळ्या तारेचा चौथा हार्मोनिक तेथे लोपतो, हे खरे. परंतु पाचव्या पडद्यावर बोट ठेवताच तीच जागा उरलेल्या तारेच्या एकतृतीयांशावर येते आणि तिसरा हार्मोनिक लोपतो. बाराव्या पडद्यावर ती मध्यबिंदू ठरते व सर्वच सम हार्मोनिक क्षीण होतात. निस्पंद बिंदू बोटासोबत सरकतो. पिकअप मात्र स्थिर असतो. त्यामुळे चोवीस पडद्यांच्या गिटारमध्ये पिकअप ब्रिजकडे सरकवावा लागला, तर नाद काहीसा उजळ होतो. त्यास दोष म्हणता येत नाही.

ब्रिजपासूनचे अंतर

खरा निर्णायक घटक ब्रिजपासूनचे अंतर हा होय. आदर्श तारेच्या सूत्रानुसार मूळ कंपन १६२ मिलिमीटरवर जितके टिपले जाते, त्याच्या पाव भागाहून किंचित अधिक, म्हणजे सुमारे २७ टक्के, ४० मिलिमीटरवर टिपले जाते. या दुसऱ्या जागी पहिल्यापासून आठव्या हार्मोनिकपर्यंत संवेदनक्षमता वाढत जाते. म्हणून तेथील नाद तीक्ष्ण असतो. पिकअप ४० वरून ५० मिलिमीटरवर नेल्यास मूळ कंपनाचा वाटा सुमारे २५ टक्क्यांनी वाढतो. मानेकडे तेवढेच सरकविल्यास फरक ५ टक्क्यांच्या आसपास राहतो. स्ट्रॅटोकास्टरचा ब्रिजकडील पिकअप तिरपा आहे. त्याची खर्ज तारांकडील बाजू ब्रिजपासून दूर असल्याने त्या तारांना भरीवपणा मिळतो. उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजविणाऱ्या जिमी हेंड्रिक्सच्या बाबतीत हा क्रमही उलटा झाला होता.

व्यावहारिक दक्षता

सर्व मापे लाकडाच्या कडेपासून न घेता तार जेथे ब्रिजवर टेकते तेथून घ्यावीत. तारा मानेकडे एकमेकींजवळ येत असल्याने चुंबकांमधील अंतर त्या जागेशी जुळते का, हे पाहावे. मानेकडे कंपनाचा आयाम मोठा असल्याने तेथील पिकअप किंचित खाली ठेवावा. अन्यथा दोन्ही पिकअपच्या आवाजात विषमता येते आणि चुंबकाच्या ओढीने स्वरही बिघडू शकतो.

समारोप

सारांश, पिकअपसाठी एकच आदर्श बिंदू नसतो. मानेकडे काही मिलिमीटरची मोकळीक घेता येते. ब्रिजकडे मात्र प्रत्येक मिलिमीटर मोजूनच खाच कोरणे श्रेयस्कर ठरते.